12.1 वरून 9.4, तरी मेडिकेअरच्या हिशोबात आम्ही नापास?

रानवारा:
मी अमेरिकेत फॅमिली डॉक्टर आहे. क्लिनिक लहान, डॉक्टर तिघंच, आणि निम्म्याहून जास्त पेशंट मेडिकेअरचे, म्हणजे मुख्यतः 65 च्या पुढच्यांसाठी असलेल्या सरकारी विम्याचे.

माझ्या एक मधुमेहाच्या पेशंट 71 वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. जानेवारीत एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा) 12.1. इन्शुलिन लिहून दिलेलं होतं, पण डोस नीट जात नव्हता. कारण कळायला तीन भेटी लागल्या: पेनवरचे आकडे त्यांना दिसतच नव्हते, आणि तसं सांगायला संकोच वाटत होता. मग पेनवर बसणारं छोटं भिंग आणलं. नर्स दर आठवड्याला फोन करून डोस विचारायची. डिसेंबरमध्ये 9.4! नर्सचा चेहरा बघायला हवा होता.

पण मिप्समध्ये, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टरांना मार्क देण्याच्या पद्धतीत, मधुमेहाच्या निकषासाठी वर्षातला शेवटचा आकडाच धरतात, आणि तो 9 च्या वर गेला की ‘नियंत्रण नाही’. म्हणजे 12.1 आणि 9.4 एकाच रकान्यात. असे सगळे मार्क मिळून दोन वर्षांनी बिलावर उतरतात, 9 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. कपात मी सोसेन. मला भीती वेगळीच आहे. अशा बाईंना दारात घेणं तोट्याचं ठरलं, तर त्यांनी जायचं कुठे? पैसे देण्याची पद्धत बदलायची तर सुरुवात कुठून करावी?

कोडिंगवाली:
डॉक्टर, मी बिलिंगमध्ये आहे, जुने दिवस पाहिलेत. 1997 च्या कायद्यातलं एसजीआर सूत्र डॉक्टरांचे दर एकूण खर्चाशी बांधायचं. कपातीची टांगती तलवार असायची आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ऐन वेळी ती पुढे ढकलायची. 2015 मध्ये मॅक्रा कायद्याने ते सूत्र रद्द झालं आणि त्याच कायद्यातून मिप्स आलं, म्हणून मिप्सला सरसकट वाईट म्हणवत नाही. गुंतागुंतीच्या पेशंटसाठी 10 पर्यंत वाढीव मार्क असतात, ते मिळालेत का तपासा. आणि नर्सचे फोन फुकट का? दोन जुनाट आजार असतील आणि पेशंटची संमती असेल, तर महिन्याला 20 मिनिटं भरली की 99490 हा बिलिंग कोड लावता येतो.

रानवारा:
लावतो ना. पण त्यावर पेशंटला 20 टक्के स्वतः भरावे लागतात. ज्यांच्याकडे पूरक विमा नाही त्या ‘मग फोन नको’ म्हणतात. ज्या फोनमुळे साखर उतरली तोच बंद! हा वाटा माफ व्हावा, माझी पहिली मागणी हीच.

उत्तरेचा_जीपी:
मी इंग्लंडमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. आमच्याकडे 2004 पासून क्यूओएफ, म्हणजे निकष पूर्ण केले की जास्त पैसे. डायबेटिसची देखभाल सुधारली, पण सुधारणेचा वेग लवकरच मंदावला, आणि ज्या गोष्टींना मार्क नव्हते त्या मागे पडल्या. पेशंटला आपलाच डॉक्टर भेटणंही कमी झालं. स्कॉटलंडने तर 2016 मध्ये ते बंदच केलं. एक बदल मात्र मला मनापासून पटला: मधुमेहाच्या पेशंटसाठी एचबीए1सीची दोन लक्ष्यं, आमच्या मापात. सर्वसाधारण पेशंटला 58, आणि थकलेल्या, अशक्त पेशंटला 75. तुमच्या मापात 75 म्हणजे 9 च्या आसपास. तुमच्या बाई त्यातही थोडक्यात चुकल्या असत्या, पण निदान धडधाकट माणसाशी त्यांची तुलना झाली नसती.

धोरणवेडा:
मेडपॅकने, म्हणजे मेडिकेअरबद्दल काँग्रेसला सल्ला देणाऱ्या आयोगाने, 2018 मध्येच मिप्स रद्द करा असं काँग्रेसला सांगितलं होतं. प्रत्येक डॉक्टर आपल्या सोयीचे निकष निवडतो, मग तुलना कसली? त्यापेक्षा दर पेशंटमागे दरमहा ठराविक रक्कम द्या. फोन, भिंग, नर्सचा वेळ, सगळं त्यातून.

रानवारा:
ठराविक रक्कम मलाही हवी. पण आजारी आणि निरोगी माणसाला एकच रक्कम दिली, तर पुन्हा त्याच बाई नकोशा होतील. आजाराच्या ओझ्याप्रमाणे रक्कम वाढली पाहिजे, आणि दर्जा मोजताना पेशंटने वर्षभरात किती अंतर कापलं तेही धरलं पाहिजे. जीपीसाहेब, तुमच्याकडे ‘अशक्त’ कोण ठरवतं? कॉम्प्युटर?

उत्तरेचा_जीपी:
कॉम्प्युटर जुन्या नोंदींवरून संभाव्य नावं काढतो. शेवटचा निर्णय पेशंटला बघून डॉक्टरनेच घ्यायचा.