मदत हवी आहे: वेटेजवाले मार्क नक्की कसे धरायचे?

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, रामबागेत राहते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका विषयात असाइनमेंटला 20 टक्के, मिडटर्मला 30 आणि फायनलला 50 टक्के वेटेज, म्हणजे एकूण 100 मधला वाटा, आहे. मला असाइनमेंटमध्ये 50 पैकी 42 आणि मिडटर्मला 40 पैकी 27 मिळाले. बाबांनी सरळ बेरीज केली, 90 पैकी 69, म्हणजे साधारण 77 टक्के, आणि खूश झाले. पण मी वेटेज लावून केलं तर 42 चे 16.8 आणि 27 चे 20.25, म्हणजे 37.05 च होतात. काल रात्री एक्सेलमध्ये फायनलचा रकाना रिकामा होता तर टोटल 37 दिसलं आणि आई एकदम घाबरली, मी फेल होतेय की काय! मग मी 37.05 ला आतापर्यंतच्या 50 वेटेजने भागलं तर 74.1 टक्के आले. हे बरोबर आहे ना?

मला एकूण 70 हवेत, म्हणजे फायनलमधून 32.95 आणायचे, पेपर 80 चा आहे तर माझ्या हिशोबाने 53 मार्क लागतील. कुणी तपासून द्याल का प्लीज? फायनल परवाच आहे हो.

अजून एक, 4 क्रेडिटच्या विषयात 8 पॉइंट आणि 2 क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला 10, तर सरासरी 9 नाही ना धरायची, 4 गुणिले 8 आणि 2 गुणिले 10 मिळून 52, भागिले एकूण 6 क्रेडिट, म्हणजे 8.67 च ना? मैत्रीण 9 वर अडून बसलीये, तिला नीट कसं समजवू?