हारुना सहल: गाड्यांमधील गाण्यांची यादी (शुक्रवारपर्यंत उत्तर हवे)

प्रेषक: मंजिरी
सप्रेम नमस्कार.
मंडळाच्या हारुना डोंगरावरील सहलीसाठी गाड्या ठरल्या, चालक ठरले, टोकियोत नेरिमाला जमण्याची वेळही ठरली. राहिली आहे ती गाण्यांची यादी. निक्कोच्या सहलीच्या वेळी जे झाले ते पुन्हा नको, म्हणून या खेपेस चारही गाड्यांत एकच यादी वाजेल, हे बैठकीत सर्वांनी मान्य केले आहे. अ‍ॅनिमेची शीर्षकगीते, पण रुबाबदार आणि मागे बसलेल्या आजी-आजोबांनाही ऐकावीशी वाटतील अशी, हा विषयही तेव्हाच ठरला.

माझा कच्चा आराखडा असा आहे. कान-एत्सु महामार्गावर चढताच ‘काउबॉय बीबॉप’चे ‘टँक!’. 1998 सालच्या या मालिकेसाठी कान्नो योको यांनी बांधलेले हे गाणे मला प्रवासाच्या आरंभासाठीच केल्यासारखे वाटते: आधी ब्रासचा दणका, मग एकट्या बासची चाल, तिच्यावर बोंगो आणि शेवटी सगळा ताफा एकदम. त्यानंतर ओनो युजी यांचे ‘ल्युपिन तिसरा’चे शीर्षकसंगीत, मग अनरी यांचे 1983 सालचे ‘कॅट्स आय’, आणि पुढे ‘जोजो’ मालिकेतील ‘ब्लडी स्ट्रीम’. प्रश्न एवढाच आहे की शिबुकावा-इकाहोला महामार्ग सोडल्यावर घाटात युरोबीट, म्हणजे ते जलद ठेक्याचे नृत्यसंगीत, ठेवायचे की नाही. कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे.

प्रेषक: अनिरुद्ध
मंजिरी, हा प्रश्न पडावा याचेच मला नवल वाटते. आपण ज्या घाटातून जाणार आहोत, तोच ‘इनिशियल डी’ या मोटारशर्यतींच्या मालिकेतला अकिना घाट आहे. शिगेनो शुइची यांनी 1995 मध्ये ‘यंग मॅगझिन’मध्ये तिची मूळ मांगा (चित्रकथा) सुरू केली, तेव्हा हारुनाचे नाव बदलले, पण रस्ता जसाच्या तसा ठेवला, ओळीने येणारी ती पाच हेअरपिन वळणेसुद्धा. वडिलांच्या दुकानातला तोफू पोहोचवून पहाटे टोयोटा एई86 घेऊन हा घाट उतरणारा मुलगा आणि त्याच्या शर्यतींमागे वाजणारे युरोबीट, ही जोडी तोडली तर त्या रस्त्याची निम्मी ओळखच पुसली जाईल. शिबुकावा शहराने या मालिकेच्या चित्रांची मॅनहोलची झाकणे रस्त्यात बसवली आहेत. गावाला आपल्या घाटाचा एवढा अभिमान असताना आपण तिथे निमूटपणे का जावे?

ज्यांना हे संगीत उथळ वाटते त्यांच्यासाठी सांगतो की यातील बहुतेक गाणी इटलीत तयार झाली आहेत. डेव्ह रॉजर्स हे नाव घेणारे गायक-निर्माते मूळचे जियानकार्लो पास्क्विनी. इटलीतल्या स्टुडिओत घडलेला हा प्रकार टिकला तो जपानी श्रोत्यांच्या प्रेमावर, आणि इथल्या, गुन्मा प्रांताच्या, डोंगरात तो जेवढा शोभतो तेवढा दुसरीकडे कुठेही शोभत नाही.

प्रेषक: शशीकाका
चि. अनिरुद्ध, तुझी माहिती वाचून आनंद झाला, पण पहिली गाडी माझी आहे आणि बाकीच्या तिन्ही माझ्या मागून येणार आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. माझे वडील एसटीत चालक होते आणि कशेडी घाट त्यांच्या रोजच्या वाटेवर होता. उतारावर लागले की ते गाडी खालच्या गिअरमध्ये टाकत, ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनच्या जोरावर वेग आवरत, आणि त्या वेळी प्रवाशांनी मोठ्याने बोललेलेही त्यांना चालत नसे. इंजिनाचा सूर जरा चढला तरी त्यांना पायाखाली कळण्याआधी कानाला कळे. मीही घाट असाच शिकलो. युरोबीटचा ठेका इतका द्रुत असतो की पाय नकळत त्याच्या मागे धावतो; मंडळाची मुले मागे बसलेली असताना हा धोका मी पत्करणार नाही. सपाट महामार्गावर हवे ते लावा. घाटात माझ्या गाडीत युरोबीट लागणार नाही.

प्रेषक: स्नेहल
शशीकाकांच्या कानाच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आवाज इतका मोठा ठेवायचा नाही की मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येणार नाही. इथल्या वाहतूक नियमांतही हे आहे.

मात्र यादीबद्दल माझी वेगळी तक्रार आहे, जी मी निक्कोच्या वेळीही मांडली होती. मालिकेत वाजणारी दीड मिनिटाची आवृत्ती कृपया घेऊ नये. ती पडद्यावरील चित्रांच्या मापाने कापलेली असते. गाडीत ऐकताना गाणे रंगात येते न येते तोच संपते आणि दर दीड मिनिटाला सगळ्यांचा मूड तुटतो. ‘टँक!’ची पूर्ण आवृत्ती साडेतीन मिनिटांची आहे आणि त्यात सॅक्सोफोनला मोकळे सोडलेला जो भाग आहे, तो मालिकेच्या सुरुवातीला ऐकूच येत नाही. खरा रुबाब तिथेच आहे.

आणि ‘सिटी हंटर’चे ‘गेट वाइल्ड’ यादीत कसे नाही? टीएम नेटवर्कचे हे 1987 सालचे गाणे प्रसंग संपण्याआधीच, संवाद चालू असतानाच, मागून हळूच सुरू होई आणि मग भाग संपे. परतीच्या वाटेवर, टोकियोचे दिवे दिसू लागतील तेव्हा, हेच हवे. माझ्या गाडीतील मुलांना ‘इव्हान्गेलियन’चे शीर्षकगीत तोंडपाठ आहे, तेही धरावे.

प्रेषक: अनिरुद्ध
स्नेहलताई, ‘गेट वाइल्ड’ हे शेवटचे गीत आहे, शीर्षकगीत नव्हे. अर्थात मला ते हवेच आहे.

शशीकाका, आपल्या वडिलांबद्दल वाचून मन भरून आले. तरीही एक सुचवतो. वर चढताना इंजिनावर ताण असतो, वेग आपोआप कमी राहतो आणि पाय वाहवत जाण्याची भीती नसते. मग केवळ चढताना युरोबीट ठेवले आणि उतरताना बंद केले तर? शिवाय उतारावर शर्यतखोरांना आवरण्यासाठी काही ठिकाणी रस्त्यावर उंचवटे केलेले आहेत, त्यामुळे तिथे तसेही कुणी वेगाने जाऊ शकत नाही.

प्रेषक: वसुधाताई
नमस्कार. सहलीतील संगीत आजवर सांस्कृतिक समिती पाहत आली आहे, आणि या यादीबद्दल समितीला इथेच प्रथम कळले, याची नोंद असावी. आता विषय निघालाच आहे तर समितीच्या वतीने तीन गोष्टी मांडते.

पहिली म्हणजे, ठरलेला विषय शीर्षकगीतांचा आहे. शेवटची गीते त्यात धरायला हरकत नाही, कारण तीही त्या मालिकेचीच ओळख असतात. परंतु ‘इनिशियल डी’च्या शर्यतींमागे वाजणारी इटालियन गाणी ही ना सुरुवातीची ना शेवटची. त्या मालिकेच्या आरंभी मूव्ह या गटाचे ‘अराउंड द वर्ल्ड’ आहे आणि अखेरीस त्यांचेच ‘रेज युअर ड्रीम’. या दोन गाण्यांनी अकिनाचा मानही राखला जाईल आणि शशीकाकांनाही पाय आवरावा लागणार नाही, विशेषतः दुसऱ्या गाण्यात.

दुसरी गोष्ट, चालकाने फोनला हात लावायचा नाही. डिसेंबर 2019 पासून वाहन चालवताना फोन हातात धरून वापरल्यास साध्या मोटारीला 18,000 येन भरावे लागतात आणि परवान्यावर तीन गुण चढतात. गाणे बदलायचे असेल तर शेजारी बसलेल्याने बदलावे.

तिसरी माझी स्वतःची विनंती आहे. ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’मध्ये किकी घर सोडून रात्री आकाशात झेपावते आणि झाडूला टांगलेला लहानसा रेडिओ सुरू होतो, तेव्हा वाजणारे ‘रूज नो देनगोन’ मला या यादीत हवेच हवे. गाणे 1975 चे, अराई युमी यांचे, आणि चित्रपट 1989 चा. म्हणजे ते त्या चित्रपटासाठी लिहिलेलेही नव्हते. पण परक्या गावाकडे एकटीने निघालेल्या मुलीच्या हाताशी तेवढाच एक रेडिओ असावा, हे पाहताना आपल्यापैकी अनेकांना आपला येथवरचा पहिला प्रवास आठवला असेल.

प्रेषक: शशीकाका
वसुधाताईंनी सुचवलेली दोन्ही गाणी आताच ऐकली. चढताना चालतील. उतरताना मात्र चारही गाड्यांत शांतता हवी, यावर मी ठाम आहे. हारुना सरोवराजवळ रस्त्यातच खोबणी कापलेली आहेत. ताशी 50 किलोमीटरने गेले की चाकांखालून ‘शिझुका ना कोहान’ या गाण्याची चाल उमटते. खोबणी जवळजवळ असतील तिथे सूर चढतो, लांब असतील तिथे उतरतो. त्या पट्ट्यावरही गाडीतील गाणी बंद ठेवावीत, म्हणजे मुलांना रस्ता ऐकू येईल.

प्रेषक: मंजिरी
सर्वांचे आभार. मग यादी अशी राहील: नेरिमाहून ‘टँक!’, ल्युपिन, ‘कॅट्स आय’, ‘इव्हान्गेलियन’, ‘ब्लडी स्ट्रीम’; कामिसातोच्या थांब्यानंतर ‘रूज नो देनगोन’; चढावर मूव्हची दोन्ही गाणी; सरोवराजवळच्या पट्ट्यावर आणि उतारावर सर्व बंद; परतीला ‘गेट वाइल्ड’. सर्व आवृत्त्या पूर्ण लांबीच्या. अनिरुद्ध, इटालियन गाणी इकाहोला मुक्कामी रात्री वाजवावीत. हॉलची विचारणा मी करते. वसुधाताई, यादी समितीच्या नावाने आज पाठवते. तिसऱ्या गाडीत ब्लूटूथ नाही, तेव्हा जोडणीची तार कोण आणणार, एवढे कळवावे.

प्रेषक: स्नेहल
तार माझ्याकडे आहे, आणते.