लोरा सेन्सर नोडची बॅटरी १० दिवसांतच का संपते?

प्रश्न: ईएसपी३२ डेव्हकिट (मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एसएक्स१२७६ (लांब पल्ल्याच्या लोरा रेडिओची चिप), कपॅसिटिव्ह माती-ओलावा सेन्सर, २६०० एमएएचचा १८६५० सेल. दर १५ मिनिटांनी २० बाइट, एसएफ१२ (स्प्रेडिंग फॅक्टर; जास्त असेल तर रेंज वाढते, पण पाठवायला वेळही), २० डीबीएम ताकदीने. मधल्या वेळात डीप स्लीप (बोर्डची गाढ झोप). एसएफ कमी केला तर पुरेल का?

उत्तर १: आधी हिशेब करा. एसएफ१२ (१२५ किलोहर्ट्झ) वर २० बाइटना सुमारे १.३ सेकंद लागतात, १२० मिलिअँपने. दिवसाची ९६ पॅकेट धरली तरी ४ एमएएचच्या आसपास. तुमचा खर्च मात्र रोज २६० एमएएच, म्हणजे सरासरी जवळपास ११ मिलिअँप. चोर झोपेतच आहे!

डेव्हकिटवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलिअँपच्या आसपास खातो, शिवाय यूएसबी चिप आणि एलईडी. नुसतं मॉड्यूल घ्या, सोबत एचटी७८३३ हा कमी खाणारा रेग्युलेटर. एमसीपी१७०० रेग्युलेटर टाळा; २५० मिलिअँपचाच आहे, वायफाय सुरू झालं की ब्राउनआउट (व्होल्टेज पडून रीसेट).

उत्तर २: रेडिओही तपासा. डीप स्लीपआधी त्याला स्लीप कमांड दिली नाही आणि तो रिसीव्हमध्ये राहिला, तर १०-१२ मिलिअँप जातात. झोपेत सेन्सरचा पुरवठा पी-मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडा. चालू केल्यावर रीडिंग स्थिरावू द्या.

मोजताना मीटर थेट मायक्रोअँप रेंजवर लावू नका. बूट होताना मीटरवरच व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होत राहतो. आधी मीटरचे दोन्ही प्रोब वायरने एकमेकांना जोडून (शॉर्ट) ठेवा, बोर्ड झोपला की वायर काढा.

उत्तर १: एसएफ७ ला वेळ ५७ मिलिसेकंदांवर येतो, पण रेंज घटते. ते नंतर बघा.