ऑटोपायलटची बटणे दाद देत नसतील, तर

ऑटोपायलटच्या, म्हणजे सुकाणू आपोआप फिरवून नौका ठरल्या दिशेला ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, पडद्यावर उजेड आहे, आकडे दिसतात, पण ‘ऑटो’ दाबूनही सुकाणू हलत नाही, असे आपण कारवारला उभ्या असलेल्या आपल्या शिडाच्या नौकेविषयी लिहिले आहे. त्यावर थेट पडदा-बटणांचे नवे पॅनेल घेण्याचा जो सल्ला मिळाला, तो मला घाईचा वाटतो. पडदा उजळायला अत्यल्प वीज पुरते. सुकाणूच्या मोटारीला मात्र कितीतरी पट अधिक लागते, म्हणून बॅटरीपाशी १२.६ व्होल्ट दिसले तरी त्यावर समाधान न मानता, मोटारीवर भार असताना नियंत्रकाच्या, म्हणजे मोटारीला वीज सोडणाऱ्या पेटीच्या, टर्मिनलवर मोजणी करावी.

बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रांनाही सैल टर्मिनल छळतेच, पण खाऱ्या हवेची गोष्ट निराळी. बाहेरून नवीकोरी दिसणारी तार इंचभर सोलली की आत काळे पडलेले धागे आणि हिरवी भुकटी दिसते. तेवढा भाग कापून, शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली तार जोडावी.

जोडणी एनएमईए २००० (नौकेवरील उपकरणे एका केबलवर एकमेकांशी जोडण्याची प्रमाणित पद्धत) पद्धतीची असल्यास मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. वीजपुरवठा बंद करून दोन संदेशवाहक तारांमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर एका टोकाचा रोधक निखळला आहे किंवा केबल मध्येच तुटली आहे, असे समजावे.

बटण दाबल्यावर ‘बीप’ ऐकू येतो का, हेही कळवावे. येत असेल, तर पॅनेलवरचा संशय बराच कमी होतो आणि ड्राइव्हच्या (सुकाणू फिरवणाऱ्या मोटारयंत्राच्या) क्लचला, म्हणजे मोटार सुकाणूला जोडणाऱ्या भागाला, वीज पोचते का, हे तपासणे अधिक उपयोगाचे ठरेल.