लहान स्टडी जिवंत, मोठा कॅनव्हास निर्जीव: मालिका पुढे कशी न्यावी?

कोरडी पॅलेट

माझी तैलरंगात एक मालिका सुरू आहे. विषय एकच: खिडकीलगतचं टेबल, त्यावर कप आणि कापड, आणि दिवसभर सरकत जाणारा उजेड. २०×२५ सेंमीच्या बारा स्टडी (छोटी अभ्यासचित्रं) समोर बघून केल्या आहेत, प्रत्येक एका बैठकीत, साधारण दीड तासात. त्यांवरून ८०×१०० सेंमीचे आठ कॅनव्हास करायचेत. दोन सुरू केले आणि गाडी अडली.

रेखाटन चौकटी पाडून उतरवलंय, माप चुकलेलं नाही. रंग स्टडीशेजारी धरून जुळवलेत. तरी स्टडीतला उजेड मोठ्या चित्रात उतरत नाही, सगळं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. शिवाय बर्न्ट अंबर (तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) यांचे गडद भाग वाळल्यावर खडूसारखे मॅट झाले. आणि एका कॅनव्हासवर पांढऱ्या कापडात बारीक भेगा दिसू लागल्यात. तिथे खाली आयव्हरी ब्लॅकचा थर आहे, त्यात जवसाचं तेल बरंच घातलं होतं. वरचा पांढरा टर्पेंटाइनने पातळ केलेला.

मोठं करताना नेमकं काय हरवतं? डागांचं आणि भेगांचं काय करायचं? आणि आठही एकदम चालवायचे की एक पुरा करून दुसरा घ्यायचा?

खांद्यातून

आधी साधं गणित बघा. बाजू चौपट, म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. स्टडीत १२ मिमीचा फ्लॅट ब्रश असेल तर तोच फटकारा मोठ्या चित्रात ४८ मिमीचा हवा, म्हणजे ५० मिमीचा ब्रश. बहुतेक जण १२ वरून २० वर जातात आणि तिथेच थांबतात. मग स्टडीत एका फटकाऱ्यात मिटलेलं कपाचं अंग इथे दहा-पंधरा फटकाऱ्यांत भरावं लागतं, आणि भरता भरता हात ते गुळगुळीत करत जातो. जीव तिथे जातो, रेखाटनात नाही.

रंगाचंही तेच. २०×२५ वर सरासरी ०.२ मिमीचा थर म्हणजे १० मिली रंग. ८०×१०० वर त्याच जाडीला १६० मिली लागतो. ३७ मिलीच्या चार ट्यूब संपतात आणि पाचवी उघडावी लागते. पॅलेटवर शेंगदाण्याएवढे ठिपके काढून हे काम होत नाही, रंग ताणला जातो आणि खालचा कॅनव्हास डोकावतो. बैठकीआधी चार-पाच मुख्य टोनचे ढीग नाईफने कालवून ठेवा, प्रत्येकी २०-३० मिली. ऐनवेळी ब्रशने कालवलेला टोन संपला की दुसऱ्यांदा तंतोतंत जमत नाही, आणि सपाट भिंतीत तो सांधा लगेच दिसतो.

जाडी मात्र मोठी करता येत नाही. तीही चौपट करायला गेलात तर रंग चौसष्टपट लागेल, आणि इतका जाड थर वरून साय धरतो, सुरकुततो, आत महिनोन्महिने ओला राहतो. म्हणून जाड रंग एकाच जागी खर्च करा. या विषयात बहुधा कापडावरचा सगळ्यात उजळ पट्टा ती जागा ठरेल. बाकी पातळ.

रंग जुळवताना एक फसगत होते. भिंतीचा रंग चिठ्ठीएवढ्या नमुन्यावरून निवडला की खोली भरल्यावर तो अंगावर येतो ना, तसंच. तोच रंग मोठ्या पृष्ठभागावर जास्त उजळ आणि जास्त भडक वाटतो. स्टडीशेजारी धरून 'जुळला' म्हणू नका. मोठ्या पट्ट्यांत तो किंचित मंद करून घ्या, विरोधी रंगाचा चिमूटभर अंश घालून. आणि बघा लांबून. स्टडी तुम्ही अर्ध्या मीटरवरून बघत होतात, चौपट चित्राला दोन मीटर मागे जायला हवं. जागा नसेल तर पाठीमागे आरसा लावा. अंतर दुप्पट होतं आणि चित्र उलटं दिसल्याने तोलातली चूकही पकडली जाते.

किनार

ब्रशचं माप मान्य. पण 'कापून चिकटवल्यासारखं' हे ब्रशचं दुखणं नाही, कडांचं आहे.

स्टडी दीड तासात झाली, म्हणजे कप, भिंत, सावली सगळं एकाच वेळी ओलं होतं. कपाची सावलीकडची कड भिंतीत विरघळली ती ओल्यात ओलं मिसळल्यामुळे, मुद्दाम कुणी विरघळवली नाही. मोठ्या चित्रात भिंत सोमवारी झाली आणि कप शुक्रवारी. शुक्रवारपर्यंत भिंत वाळली. आता कपाची कड कितीही हळुवार ठेवली तरी ती कोरड्या रंगावर बसते आणि कात्रीने कापल्यासारखी दिसते.

इटलीतल्या जुन्या भित्तिचित्रकारांपुढे हाच पेच होता. ओल्या गिलाव्यावरच रंग बसतो, म्हणून एका दिवसात रंगवून होईल एवढाच गिलावा ते लावत. त्या तुकड्याला जॉर्नाता म्हणत, आणि दोन दिवसांचा सांधा शक्यतो आकृतीच्या बाह्यरेषेवर आणत. तैलरंगात तेच करा. स्टडीच्या फोटोवर लाल पेनाने फक्त ठसठशीत कडा गिरवा: टेबलाची पुढची धार, खिडकीची चौकट, कपाची उजेडातली बाजू. बैठकी तिथेच तोडायच्या. कपाची सावलीची बाजू, तिची पडछाया आणि मागची भिंत हा एक तुकडा, एका दिवसात. वेळ कमी पडला तर उरलेली कड उंचवटा ठेवून सोडू नका. ओली असतानाच कोरड्या ब्रशने ओढून उतरती करा. वाळलेला उंचवटा पुढे कितीही थर चढवले तरी तिरप्या उजेडात दिसतच राहतो.

आणि २०×२५ वरून थेट ८०×१०० वर उडी का? मध्ये ४०×५० चा एक कागद करा, फक्त तीन टोनमध्ये, तासाभरात. इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने तर १८२१ च्या 'द हे वेन'साठी अंतिम चित्राच्या जवळजवळ मापाचं, म्हणजे १३०×१८५ सेंमीच्या आसपासचं, तैलरंगातलं कच्चं चित्र आधी करून घेतलं होतं. तेवढं करायला नको, पण जो निर्णय कॅनव्हासवर खोडावा लागणार तो कागदावर खोडलेला बरा.

जवस

डाग आणि भेगा ही दोन वेगळी दुखणी आहेत.

मॅट डाग: वरच्या थरातलं तेल खालच्या थराने किंवा जेसोने (रंगाआधी कॅनव्हासला देतात त्या पांढऱ्या अस्तराने) पिऊन टाकलंय. अंबर या बाबतीत बदनामच, आणि त्यात टर्पेंटाइन जास्त घातलं की रंगकण धरून ठेवायला तेलच उरत नाही. काळेपणा गेलेला नाही, पृष्ठभाग खडबडीत झाल्याने उजेड विखुरतो आणि गडद रंग राखाडी दिसतो. उपाय म्हणजे तेलाचा हात. थर हाताला कोरडा लागत असेल तर जवसाचं तेल आणि सॉल्व्हंट (टर्पेंटाइनसारखं पातळ करणारं द्रव) समभाग घ्या, थोडे थेंब त्या भागावर चोळा, पाच मिनिटं थांबा, आणि तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसून काढा. फक्त किंचित चमक उरली पाहिजे, ओघळ नको. खरा टोन दिसेल, आणि पुढचा रंग त्याच्याशी जुळवता येईल. हे त्याच दिवशी जिथे रंगवणार तिथेच करायचं. पूर्ण झालेल्या चित्राला 'चमक यावी' म्हणून तेल चोळणं ही चूक आहे. ते तेल पिवळं पडतं आणि वार्निशसारखं काढता येत नाही.

तेलाची ती कापडं गोळा करून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. चुरगळलेल्या कापडात ती उष्णता कोंडते आणि आपोआप आग लागू शकते. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

भेगा: तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. आयव्हरी ब्लॅक मुळात फार सावकाश वाळतो, त्यात वरून तेल. त्याच्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला, पटकन ताठ होणारा पांढरा. खालचा अजून हलतोय, वरचा हलू शकत नाही, म्हणून फाटला. थरांचा क्रम उलटा ठेवा: पहिला थर थोड्या सॉल्व्हंटने, दुसरा ट्यूबमधून निघाला तसा, तिसऱ्यात मीडियम (रंगात मिसळायचं तेलाचं मिश्रण), तेही रंगाच्या पाचव्या भागाहून कमी. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो लवकर वाळतो, म्हणून खालच्या थराला अंबर चांगला आणि आयव्हरी ब्लॅक वाईट. झिंक व्हाइट कालांतराने ठिसूळ होतो, खालच्या थरांत नकोच. 'मिक्सिंग व्हाइट' नावाच्या ट्यूबवरचा बारीक मजकूर वाचा, त्यात बऱ्याचदा झिंक असतो.

कोरडी पॅलेट

बैठकी कडांवर तोडायच्या हे डोक्यात आलंच नव्हतं. दोन शंका. भेगांवर तेलाचा हात देऊन वरून परत पांढरा चढवला तर बुजतील का? आणि उरलेल्या सहा कॅनव्हासवर ॲक्रिलिक जेसोचे दोन हात आहेत, तेही तेल पितील का?

जवस

नाही बुजणार. खालचा काळा हलतोय तोवर नवा पांढराही तिथेच फाटेल. कापडाच्या कोपऱ्यात नखाने दाबून बघा. खूण उमटली तर थर मऊ आहे. नाईफ आडवी धरून पांढरा आणि काळा दोन्ही खरवडून जेसोपर्यंत या आणि तेवढाच भाग अंबरने पुन्हा उभा करा. खूण उमटत नसेल तर पांढरा वरून कोरडा आहे एवढंच कळतं, आतलं नाही. तो कॅनव्हास काही महिने बाजूला ठेवा आणि मालिका दुसऱ्यावर पुढे न्या. ८०×१०० च्या एका चित्रासाठी उरलेल्या सहांचं वेळापत्रक अडवण्यात अर्थ नाही.

जेसोसाठी कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब ठेवा. लगेच पसरून शोषला गेला तर पृष्ठभाग फार पिणारा आहे. ॲक्रिलिक मॅट मीडियमचा एक पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. चकचकीत ग्लॉस मीडियम नको, त्यावर तैलरंगाला पकड कमी मिळते.

सरकती सावली

क्रमाबद्दल कुणी बोललं नाही. आठही एकदम नकोत आणि एकेकही नको. तीन-तीनच्या गटात चालवा.

फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवताना अनेक कॅनव्हास सोबत ठेवले, उजेड बदलला की तो कॅनव्हास बाजूला आणि पुढचा समोर. त्यांतली पंधरा चित्रं मे १८९१ मध्ये पॅरिसला एकत्र लागली. तुम्ही स्टडीवरून काम करताय, त्यामुळे उजेडाची घाई नाही. इथे फेरपालट ठरवणार वाळण्याचा वेळ. अंबरचा पातळ पहिला थर दोन दिवसांत हाताला कोरडा, टायटेनियम व्हाइटचा आठवडाभर ओला. प्रत्येक चित्राला चार बैठकी धरल्या तर तीन चित्रं मिळून बारा बैठकी होतात, आणि एक वाळत असताना दुसऱ्यावर हात चालतो आणि ओल्या थरावर घाईने चढवण्याचा मोह टळतो. भेगा त्या मोहातूनही येतात.

पण त्याआधी बारातून आठ निवडा, आणि आवडीवर निवडू नका. सगळ्या स्टडी रांगेत लावून एकच फोटो काढा, तो कृष्णधवल करा आणि अंगठ्याएवढा लहान करून बघा. दोन स्टडीत काळ्या-पांढऱ्याची मांडणी सारखी दिसली तर रंग कितीही वेगळे असोत, भिंतीवर ते एकच चित्र दोनदा लागल्यासारखं वाटेल. एक वगळा. टेबलाच्या कडेची उंची, जेसोवरचा पहिला करडा हात आणि सहा ट्यूबांची पॅलेट आठही चित्रांत तीच ठेवा. बदलायचा तो फक्त उजेड.

प्रत्येक बैठकीची तारीख आणि मीडियमचं प्रमाण स्ट्रेचरच्या (कॅनव्हास ताणलेल्या चौकटीच्या) लाकडावर पेन्सिलीने लिहा. कॅनव्हासच्या पाठीवर शाईने नको, ती पुढे झिरपू शकते. आणि वाळणारी चित्रं भिंतीकडे तोंड करून रचू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. तशी ठेवली गेलीच असतील तर काही आठवडे उजेडात, थेट ऊन टाळून, उभी करा. पिवळेपणा बराचसा उतरतो.