प्रति: नियतकालिकं आता हवीत कशाला?

प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले शोधनिबंध) लगेच वाचायला मिळतात, मग शोधनियतकालिकं कशाला, असं वर विचारलंय. थोडी भर घालतो.

हेन्री ओल्डेनबर्गनं लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे शोधनियतकालिक काढलं ते मार्च 1665 मध्ये. (पॅरिसवाल्यांनी दोन महिने आधीच आपलं नियतकालिक काढून बाजी मारली होती.) तोवर शोध खाजगी पत्रांतून फिरायचे, नाहीतर दडवले जायचे. ती खोड लगेच गेलीही नाही. 1676 मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं स्प्रिंगचा नियम (जितका जोर, तितकी ती ताणते) अक्षरं उलटीपालटी करून छापला आणि उकल दिली थेट 1678 मध्ये. श्रेय हवं, पण माहिती द्यायची नाही! नियतकालिकातल्या छापील तारखेमुळे शोधावर हक्क सांगायला जाहीर पुरावा मिळाला.

तज्ज्ञांकडून सक्तीची तपासणी मात्र बरीच अलीकडची. 'नेचर' या नामवंत विज्ञान नियतकालिकानं ती सक्तीची केली 1973 मध्ये. आमच्या सांगलीत हळदीच्या सौद्यालासुद्धा माल हातात घेऊन बघितल्याशिवाय बोली लागत नाही, आणि इथं कितीतरी वर्षं बऱ्याच ठिकाणी संपादकाच्या नजरेवर भागलं!

बाकी नियतकालिकांच्या वर्गणीचे दर फार आहेत, याबद्दल तुमच्याशी सहमत. कॉलेजात असताना आम्हाला 'करंट सायन्स' या भारतीय विज्ञान नियतकालिकाचे जुने बांधीव खंडच काय ते मिळायचे. आता तेच अंक विश्रामबागेत चहा पिता पिता मोबाईलवर फुकट वाचतो.