नोटाबंदीने म्हणे बँकांची चांदी झाली!

काउंटर_नं_३
काल ‘अर्थमित्र’ यांनी लिहिलं की २०१६ च्या नोटाबंदीत लोक रांगेत रडले, पण बँकांना घरबसल्या फुकटचा पैसा मिळाला. बँकेच्या कॅश काउंटरवर तीस वर्षं घासलेल्या माणसाला हे वाचून गप्प बसवेना.

फुकटचा? बचत खात्यावर तेव्हा ४ टक्के व्याज होतं. ठेव म्हणजे बँकेचं देणं, कमाई नव्हे. कर्ज देऊन कमवावं म्हटलं तर बाजार ठप्प, कर्ज मागणार कोण? त्यात २६ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेचा फतवा: १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबरमध्ये ज्या ठेवी वाढल्या, त्या शंभर टक्के सीआरआरमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे सक्तीने ठेवायच्या रकमेत, ठेवा. सीआरआरवर व्याज शून्य. खातेदाराला ४ टक्के आणि आम्हाला भोपळा!

माझ्या गल्ल्यात त्या गर्दीत हजारच्या दोन खोट्या नोटा आल्या. खिशातून भरल्या. ही चांदी का?

अर्थमित्र
काका, अर्धीच गोष्ट सांगताय. तो सीआरआर टिकला किती? दोन आठवडे. मग एमएसएसची, म्हणजे बँकांतला जादा पैसा शोषून घ्यायला काढतात त्या सरकारी रोख्यांची, मर्यादा ३० हजार कोटींवरून ६ लाख कोटी केली, बँकांनी ते रोखे घेतले आणि व्याजही खाल्लं. १ जानेवारीला स्टेट बँकेने एमसीएलआर, म्हणजे ज्यावर कर्जाचं व्याज ठरतं तो दर, एका झटक्यात ०.९० टक्क्याने उतरवला. माझा घराचा हप्ता कमी झाला. बुडीत धंद्यात असं होतं?

फडकरी
तुमच्या हप्त्याचं कौतुक पुरे. बँक म्हटलं की तुम्हाला स्टेट बँकच दिसते. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी केली, ते विसरला? आमच्या आबांचं एकच खातं, जिल्हा बँकेत. उसाचं बिल तिथंच. ऐन रब्बीच्या पेरणीत चौदा किलोमीटरवरच्या बँकेत तीन हेलपाटे घातले.

आणि १४ तारखेआधी जिल्हा बँकांनी घेतलेल्या जुन्या नोटा? जून २०१७ पर्यंत तिजोरीत कुजत होत्या, ठेवीदाराचं व्याज मात्र चालू. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांचे ११२ कोटी तर तेव्हाही घेतले नाहीत.

अर्थमित्र
जिल्हा बँका कुणाच्या ताब्यात आहेत हे शेंबडं पोरही सांगेल. मोकळीक दिली असती तर पुढाऱ्यांनी सगळा काळा पैसा धुऊन घेतला असता.

फडकरी
रद्द नोटांच्या १५.४१ लाख कोटींतले १५.३१ लाख कोटी बँकांत परत आले. आमचं दार तर बंद होतं, मग कुठल्या दारानं आले? काळा पैसा धुतल्याच्या आरोपावरून दिल्लीत अटक झालेले मॅनेजर खासगी बँकेचे होते, आमच्या गावच्या विकास सोसायटीचे सचिव नव्हते. आबा चोर आणि तुम्ही साव, असंच ना?

अर्थमित्र
आबांना कोण काय म्हणालं? उगाच अंगावर येऊ नका.

चहा_बिस्कीट
मला फक्त एटीएमचं बोलायचंय. नवीन नोट वेगळ्या मापाची छापताना मशीनमधल्या नोटांच्या कप्प्याचं, कॅसेटचं, माप बघायचं कुणालाच सुचलं नाही? दोन लाख मशीन्स एकेक करून उघडत बसले. बाकी चालू द्या.

काउंटर_नं_३
अर्थमित्र, दोन आठवडे होते, मान्य. कर्ज स्वस्त झालं तेही मान्य, अभिनंदन. पण जुलै २०१७ मध्ये त्याच स्टेट बँकेने बचत खात्याचं व्याज ४ वरून ३.५ केलं, तेही धरा हिशेबात. तुमचा हप्ता उतरला तो माझ्यासारख्यांच्या खात्यातून. चांदी झालीच असेल तर ती कुणाची, बघा.

फडकरी
आणि ते ११२ कोटी?